समॅरिटन म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला बातम्यांत ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. हा समॅरिटन कोण? ‘समर’शी काही नातं? ‘गुड’ गाळून नुसतं समॅरिटन लिहिलं तर चालेल?

उत्तर: ‘समर’शी काहीच नातं नाही. समॅरिटन हा एक समाज आहे, आणि तो आजही आहे. जेमतेम हजाराच्या आतबाहेर माणसं. काही पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहराजवळच्या गरिझीम डोंगरावर, बाकीची तेल अवीवलगतच्या होलोनमध्ये.

मराठी बायबलात त्यांना ‘शोमरोनी’ म्हणतात. शोमरोन ही प्राचीन इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याची राजधानी. ओम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून टेकडी विकत घेतली, तिच्यावर नगर वसवलं आणि मूळ मालकावरून त्याला शोमरोन नाव दिलं, असं बायबल सांगतं. ग्रीक-लॅटिनमधून फिरून इंग्रजीत त्याचं समारिया झालं. त्या लोकांना मात्र ही व्युत्पत्ती मान्य नाही. ते स्वतःला ‘शामेरीम’ म्हणवतात, म्हणजे मोशे या संदेष्ट्याच्या नियमशास्त्राचे राखणदार. गंमत अशी की दोन्हींच्या मुळाशी ‘राखणे’ या अर्थाचा श-म-र हाच धातू दिसतो.

यहुद्यांशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. देवाची खरी जागा यरुशलेम की गरिझीम, हा वादाचा गाभा. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानसने गरिझीमवरचं त्यांचं मंदिर पाडलं. अश्शूरांनी (असीरियन साम्राज्याने) बाहेरून आणून वसवलेले परके, असं यहुदी त्यांना हिणवत.

‘गुड समॅरिटन’ आला तो येशूच्या एका दाखल्यातून, म्हणजे बोधकथेतून, आणि ती या वैरावर उभी आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. याजक (पुरोहित) बगल देऊन गेला, लेवी म्हणजे मंदिराचा सेवेकरीही गेला. थांबला तो शोमरोनी! जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून त्याने त्याला उतारशाळेत नेलं, वर मालकाला दोन दिनार दिले. ऐकणाऱ्या यहुद्यांना हे किती झोंबलं असेल!

प्रश्न: म्हणजे ‘गुड’ हा टोमणाच झाला की. इतर शोमरोनी वाईट, हा तेवढा चांगला?

उत्तर: तसा वास येतो खरा, पण तो येशूच्या माथी मारू नका. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, जिथे हा दाखला आहे, तिथे ‘चांगला’ हे विशेषण कुठेच नाही. ते मथळ्यासारखं नंतर चिकटलं. आता तर ते कायद्यातही आहे: २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं १३४अ हे कलम अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं.

इंग्रजीत नुसतं ‘समॅरिटन’ही मदतगार या अर्थाने चालतं. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने सुरू केलेल्या हेल्पलाइनचं नाव तेच आहे. मराठीत मी तसं लिहिणार नाही. कायद्याच्या संदर्भात ‘गुड समॅरिटन’ राहू द्या, त्या समाजाबद्दल लिहाल तेव्हा ‘शोमरोनी’. एरवी जखमीला उचलून नेणाऱ्याला ‘देवासारखा धावून आला’ म्हणायची आपली पद्धत आहेच.