मदत हवी आहे: गावरान अंड्यात १८व्या दिवशी अमिनो अॅसिडचं इंजेक्शन, छोट्या मशीनवर कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी, कोंबडीवाले आणि व्हेटर्नरीवाले दोघांचीही मदत हवीये.

आम्ही पारनेर तालुक्यातले. पक्षी शुद्ध गावरान, वनराजा गिरिराज वगैरे सुधारित जाती नाहीत. अंडी उबवणीच्या मशीनला लावतो, पिल्लं निघतात ठीक, पण प्रत्येक लॉटमध्ये काही पिल्लं बारकी येतात, पंख लोंबलेले, बाकीची दाण्यावर तुटून पडतात तेव्हा ही ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेच्या) कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली, आणि पुढे शेवटपर्यंत मागेच राहतात. गावरानला किलो-सव्वा किलो व्हायला तसेही चार-पाच महिने जातात, त्यात ही मागची पिल्लं नुसतं खाद्य खात बसतात. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ४० ग्रॅमच्या अंड्यातून २६-२७ ग्रॅमचंच पिल्लू येणार हे कळतं. क्रॉसवर जा असं कृपया सांगू नका, खुडूक बसणारी, कुत्र्या-घारीपासून पिल्लं सांभाळणारी कोंबडी मला टिकवायचीये.

तर इन ओव्हो फीडिंगबद्दल, म्हणजे पिल्लू अंड्यात असतानाच त्याला सुईने पोषण देण्याबद्दल वाचलं. झेहावा उनी आणि पीटर फर्केट या संशोधकांना याचं अमेरिकेत २००३ साली पेटंट मिळालंय. कल्पना मला पटली कारण पिल्लू बाहेर यायच्या आधीचे तीन-चार दिवस भोवतालचं गर्भजल स्वतःच पितं, त्यातच अमिनो अॅसिड किंवा साखर सोडली तर ते थेट आतड्यात जातं आणि आतडं लवकर तयार होतं. शिवाय कवच फोडताना यकृतातली साठवलेली साखर बरीच संपते, तीच बारक्या पिल्लाला कमी पडत असणार असं मला वाटतं. मोठ्या हॅचरीत मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस उबवणीच्या १८व्या दिवशी अंड्यातच देतात, म्हणजे सुई घालणं अशक्य नाही, पण तिकडे ते ऑटोमॅटिक मशीनने होतं आणि माझ्याकडे टॉर्च, स्पिरिट आणि सिरिंज.

आता प्रश्न. टॉर्च लावल्यावर रुंद टोकाला हवेची पोकळी स्वच्छ दिसते, त्याखाली सगळं काळं. सुई पोकळी ओलांडून पडद्याच्या आत गर्भजलातच गेली, पिल्लाच्या अंगात नाही, हे हाताला कसं कळतं? गावरान अंडं लहान, मग ब्रॉयलरच्या अंड्यासाठी सांगतात ती इंच लांब सुई आणि अर्धा मिली डोस इथे जास्त होणार नाही का? भोक मेणाने बंद करायचं की नेलपेंट चालेल, कारण नेलपेंटच्या वासाची मला भीती वाटते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे द्रावण. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण सांगतोय की पाण्यातून देतो तेच मल्टीव्हिटॅमिन लिक्विड पातळ करून टोचा. मला हे अजिबात पटत नाही, ते निर्जंतुक नसतं, ३७.५ डिग्रीच्या उबेत अंडं सडायला कितीसा वेळ लागतो, आणि द्रावण घट्ट झालं तर पिल्लू आतच मरेल. सलाइनमध्ये थ्रिओनिन किंवा आर्जिनिन ही अमिनो अॅसिडं मिसळून निर्जंतुक करून देणारी लॅब कुठे आहे का, शिरवळच्या किंवा परळच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये विचारावं का?

माझा विचार असा की एकाच दिवशी लावलेल्या अंड्यांचे तीन गट करायचे, एकाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला नुसतं सलाइन, तिसऱ्याला अमिनो अॅसिड, म्हणजे मर झाली तर सुईने की औषधाने ते कळेल. वजन पहिल्या दिवशी आणि मग दर आठवड्याला. यात काही राहतंय का?

आणि कोणी हे करून सोडून दिलं असेल तर तेही सांगा. अंगावरचं पाणी सुकल्या सुकल्या पिल्लू मशीनमधून काढून लगेच पाणी आणि बारीक भरडा दिला, चोवीस तास आत ठेवलं नाही, तर एवढाच फरक पडतो का? तसं असेल तर मी सुईच्या नादी लागणार नाही. पुढची अंडी लावायच्या आधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.