मुंबई सोडून साताऱ्याला जावं का? आमच्या घरात दोन मतं आहेत

शिवडीकर:
महिनाभर घरात हा एकच विषय चाललाय. मिस्टरांना कंपनीने साताऱ्याच्या प्लांटला जाणार का विचारलंय. पगार तोच राहील. ते एका पायावर तयार आहेत, माझा मात्र पाय निघत नाही.

माझा जन्म शिवडीचा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले किती परत आत गेले? वडील गेले नाहीत. आईने डबे करून घर ओढलं. आज आम्ही कांजूरला भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार, मग भाडेवाढ, नाही परवडली की डिपॉझिट घेऊन पुढचं घर. नऊ वर्षांत चार घरं झाली. मुलगा नववीत आहे. रात्री सासरे हॉलमध्ये झोपले की तो स्वयंपाकघराचा ओटा पुसतो आणि त्यावर वही ठेवून उभ्याने गणितं सोडवतो. ते बघितलं की वाटतं, चला, उद्याच सामान बांधू.

आणि मग दादरला फुलबाजारात पहाटे गेले की वाटतं, हे सोडून मी श्वास कुठे घेणार?

कृष्णाकाठ:
ताई, जा. मी २०१९ ला डोंबिवली सोडून वाईला आलो, म्हणून हक्काने सांगतो.

२६ जुलै २००५ ला मी कुर्ल्याहून छातीभर पाण्यातून चालत निघालो होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. अनोळखी माणसांनी घरात घेतलं, चहा दिला, सुका टॉवेल दिला. त्या माणसांना मी आजही विसरलेलो नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून 'मुंबईचं स्पिरिट' सुरू झालं आणि नाले कुणी बुजवले हा प्रश्न मागे पडला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच गर्दीत. जाणार कुठे, हप्ते होते. माणसाच्या सोसण्यावर शहर चालवायचं आणि त्याला कौतुकाचं नाव द्यायचं, याचा मला संताप येतो. मुलगा ओट्यावर अभ्यास करतो हे तुम्ही स्वतः लिहिलंय. आणखी काय कारण हवं?

रात्रपाळी:
मला हे अजिबात पटत नाही. घराची मापं काढून शहर मोजता येत नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातली. नर्स आहे, परळला. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराची गाडी पकडते आणि ठाण्याला उतरून घरी चालत जाते. बायकांच्या डब्यात रात्री पोलीस असतो, स्टेशनबाहेर भुर्जीपावची गाडी चालू असते. गावी संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिसले तर वडिलांना चार जण विचारतात. इथे मी कुणाची लेक, कुणाची सून याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. ही मोकळीक वाईत मिळते का, हे एखाद्या बाईला विचारून सांगा दादा, तुमच्या अनुभवावरून नको.

आणि गर्दीतही माणूसपण असतं. आमच्या डब्यात बसलेल्या बाईला फक्त 'कुठे?' विचारतात, ती 'मुलुंड' म्हणाली की मुलुंडपासून ती जागा तुमची. मला सातवा महिना होता तेव्हा मी हे विचारायच्या आधीच एक मासेवाली उठली. वसईहून आलेली, रात्री दोनची जागी. 'बस गो,' म्हणाली आणि पाटीला टेकून उभी राहिली.

कृष्णाकाठ:
मोकळीक बाईला जास्त कळते, ते मान्य. पण मुंबईत कुणी काही विचारत नाही हे मान्य नाही. घर भाड्याने घ्यायला जा. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा मासे-मटण खाता का. मराठी माणसाला मुंबईत हे ऐकून घ्यावं लागतं.

रात्रपाळी:
हे खरं आहे. मला दोन घरं याच कारणाने नाकारली. आडनाव ऐकून दुसऱ्याचा तर आवाजच बदलला. म्हणून शहर सोडायचं की भांडायचं, एवढाच आपल्यात फरक.

आप्पा_गिरगाव:
मुली, भांड. मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून माणसांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा १ मे १९६० उजाडला. आम्ही एकेक करून विरार, बदलापूर करत सरकलो आणि आता सातारा? वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढणारे टिकून राहिले, त्यांना आता तिथेच ५०० फुटांची घरं मिळू लागलीत.

शिवडीकर:
आप्पा, तुमचं दुःख कळतं. पण बीडीडीवाल्यांकडे टिकायला एक खोली होती. वडिलांची खोली आम्ही संपानंतरच्या कर्जात विकली. हुतात्म्यांचं ऋण माझ्यावरही आहे, पण ते माझ्या मुलाने ओट्यावर उभं राहून फेडावं असं मला वाटत नाही.

वांगणी_लोकल:
तुम्ही सगळे मुंबई म्हणजे मुलुंड-दहिसरच्या आतलं धरताय. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख होते, देशातलं सगळ्यात मोठं शहर. आम्ही त्यात मोजलेही जात नाही. रोज जाऊन-येऊन चार तास गाडीत. माझी बायको शहापूरची आहे. भातसा, तानसा, वैतरणा तिच्या माहेरच्या अंगाला, पाणी तुमच्या नळाला, आणि तिथल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. सासुरवाडीला गेलो की ती मोठी जलवाहिनी रस्त्याच्या कडेने दिसत राहते. मुंबईवर माझं पोट आहे, तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण हे बघितल्यावर नुसतं प्रेमही करवत नाही.

शिवडीकर ताई, साताऱ्यात तुम्हाला काम मिळेल का, ते कुणीच विचारलं नाही.

शिवडीकर:
बरोबर पकडलंत. मी पवईत हिशेबाचं काम करते. साताऱ्यात तसं काम आणि तेवढा पगार मिळेल असं अजून तरी दिसत नाही, आणि घरी हे बोललं की 'बघू' असं उत्तर येतं. माझा पाय खरं तर इथे अडकलाय, फुलबाजारात नाही.

काल रात्री मुलाला विचारलं. तो म्हणाला, 'तिकडे माझं टेबल असेल ना?' मग जरा थांबून, 'पण तू काय करशील?'

रविवारी घरं बघायला साताऱ्याला जातोय, आणि सोमवारी मी तिथल्या दोन ऑफिसांत भेटायची वेळ घेतलीय. इथला करार मार्चपर्यंत आहे. तोवर तो मोडायचा नाही, असं मिस्टरांकडून कबूल करून घेतलंय.