मदत हवी आहे: धर्मादाय रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतलं (तातडीच्या विभागातलं) डिपॉझिट आणि बिल, तक्रार नेमकी कुठे करायची?

नमस्कार मंडळी,

पुण्यात धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी राखीव खाटा ठेवण्याची जी योजना आहे, तिच्यासाठी कोणी प्रत्यक्ष खटपट केली असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे यजमान रिक्षा चालवतात. गेल्या आठवड्यात मध्यरात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला. मुलाने रिक्षात घालून जवळच्याच एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. ताईंचा फोन आला तशी मीही गेले. ईसीजी लगेच काढला होता, औषधं सुरू झाली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीबद्दल काडीचीही तक्रार नाही, ती एकटी सहा खाटा सांभाळत होती. तक्रार आहे ती काउंटरबद्दल.

पहिला प्रश्न: "मेडिक्लेम आहे का?" नाही म्हटल्यावर, "दीड लाख डिपॉझिट भरा, मग वर घेऊ." केशरी रेशनकार्ड पुढे केलं तर, "चॅरिटीचे बेड फुल आहेत, एमएसडब्ल्यू (रुग्णालयातले समाजसेवक) सकाळी दहाला येतील." रात्री दोन वाजता हृदयविकाराच्या माणसाने सकाळी दहाची वाट कशी बघायची? शेजारच्या खाटेवर तशाच दुखण्याचे एक काका होते. त्यांच्या मुलाने कॅशलेसचं कार्ड दिलं आणि काकांना वर नेलंसुद्धा. ते वाचावेत हीच इच्छा. पण कोणाला आधी घ्यायचं हे दुखणं बघून ठरायला हवं ना?

शेवटी पहाटे सरकारी ससून रुग्णालयात हलवलं. तिथे अँजिओप्लास्टी झाली, आता धोका टळला आहे. पण निघताना पहिल्या ठिकाणी जेमतेम चार तासांचं २७,४०० रुपये बिल भरावं लागलं. त्यात 'कन्झ्युमेबल्स' (सिरिंज, हातमोजे अशा वापरून टाकायच्या वस्तू) म्हणून एकाच ओळीत ६,८०० रुपये. काय वापरलं, किती वापरलं, काही नाही. रात्रीचा जादा आकार वेगळा, मॉनिटरचे वेगळे. रुग्णवाहिकेचे साडेतीन हजार वर रोख. ताईंनी मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे उभे केलेत, मी काही दिले ते त्या घ्यायला तयार नव्हत्या.

घरी आल्यावर वाचत बसले. आणीबाणीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं आहे. राज्याच्या शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नियमांत २०२१ साली बदल झाले, त्यानुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. सनद मला लिफ्टजवळ दिसली, दरपत्रक कुठेच नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये याच शहरात गर्भवती बाईंच्या कुटुंबाकडे दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून केवढा गदारोळ झाला होता! तरीही काउंटरवरची भाषा तीच आहे, याचा फार संताप येतो.

आता विचारायचं ते असं. तपशीलवार बिल आणि केसपेपर आता मागितले तर द्यावेच लागतात का? दोघांची मिळून कमाई वर्षाला तीन लाखांच्या आसपास आहे, ते योजनेत बसतात का? पैसे भरून झाल्यावर परत मिळाल्याचं उदाहरण कोणाला माहीत आहे का? आणि तक्रार महापालिकेकडे की धर्मादाय आयुक्तांकडे?

गोदाकाठ:
ताई, ते बसतात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक. दोन्ही गटांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात, निर्धनांना मोफत आणि दुर्बलांना सवलतीत. पण तुमच्या प्रकरणात खाटांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे आणि तिच्यात स्पष्ट म्हटलंय की आणीबाणीत रुग्णाला ताबडतोब दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे. या दोन गटांकडून डिपॉझिट मागायचं नाही. सरकारी रुग्णालयात हलवायची गरज पडली तर वाहनाची सोयही त्यांनीच करायची. म्हणजे साडेतीन हजारांचा मुद्दा तक्रारीत वेगळा लिहाच. हा अर्ज सह धर्मादाय आयुक्तांकडे.

वडगावकर:
दरपत्रकाची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा, पालिका हद्दीतल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी तेच करतात. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहू नका, एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. केसपेपरचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असा वैद्यकीय परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. अर्ज रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या सहीने हवा, तुमच्या नाही. माझ्या आईच्या वेळी तपशील मागितल्यावर न वापरलेल्या वस्तू बिलातून निघाल्या होत्या, त्यामुळे मागाच. काहीच झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. डिपॉझिट आणि वाहनाचा मुद्दा मला माहीतच नव्हता. ताई तक्रारीला घाबरत होत्या, "पुन्हा तिथेच जायची वेळ आली तर?" म्हणत होत्या. मुलाला हे सगळं वाचून दाखवलं, तो सही करायला तयार आहे. उद्या केसपेपरचा अर्ज देतो आहोत.

एकच अडचण उरली. त्यांच्याकडे रेशनकार्ड आहे, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नाही. तो आता काढला तर तारीख उपचारांनंतरची पडेल. अशा दाखल्यावर अर्ज घेतात का? कोणी दिला असेल तर कृपया लिहा.