मदत हवी आहे: व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) भरल्यावर ड्रायव्हर कसा वागतो ते नीट मोजायचंय

नमस्कार मंडळी, पुण्यात लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर काम केलेलं कोणी आहे का इथे? मला एएमडीजीपीयूचं, म्हणजे एएमडी कार्डांच्या लिनक्स ड्रायव्हरचं, मेमरी हँडलिंग मोजायचंय, म्हणजे व्हीरॅम भरली की ड्रायव्हर काही बफर (मेमरीतले डेटाचे तुकडे) उचलून सिस्टीम रॅममध्ये टाकतो आणि लागले की परत आणतो, त्यात फ्रेम किती अडकते ते. कार्डात मेमरी भरपूर आहे म्हणून बूटला व्हीरॅमलिमिट पॅरामीटर देऊन मुद्दाम कमी केलीये, ही सोय खरंच भारी आहे. पण आकडे स्थिर येत नाहीत हो! तोच सीन, तोच कर्नल, तरी एकदा सगळं स्मूथ आणि पुढच्या रनला मधेच मोठा झटका. जीपीयूचा क्लॉक लॉक केलाय, आणि दुपारी खोली फार तापते म्हणून टेस्ट रात्रीच चालवतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघण्यात मला अर्थ वाटत नाही, झटका त्यात बुडून जातो, म्हणून प्रत्येक फ्रेमचा वेळ लॉग करतोय.

आता अडलंय ते इथे, की झटका बफर हलवल्यामुळेच आला हे सिद्ध कसं करायचं? सिसएफएसमधून (कर्नल आपली माहिती फाइल्ससारखी दाखवतो तिथून) व्हीरॅमचा वापर थोड्या थोड्या वेळाने वाचतो, पण मधली हालचाल निसटते. बीओ मूव्हचा ट्रेसपॉइंट (बफर हलला की नोंद करणारी कर्नलमधली सोय) लावला तर त्याचाच भार मोजमापात येईल का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, डेक्कनला भेटूनही बोलता येईल.