विद्यापीठ ग्रंथालयाचं वीजबिल आणि कागद कुठून कमी करायला सुरुवात करावी?

प्रश्न: स्टॅकमध्ये (पुस्तकांच्या कपाटांच्या दालनात) ३६ वॅटच्या १२० जुन्या ट्यूब दहा तास चालू असतात. एसी आहेत, काउंटरवर थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापलेल्या) पावत्या निघतात. बजेट बेताचंच. आधी काय हाती घ्यावं?

उत्तर १: ट्यूबच. जुना चोक धरून एक ट्यूब साधारण ५० वॅट खाते, म्हणजे रोज ६० युनिट. २० वॅटच्या एलईडीवर २४. इलेक्ट्रिशियनकडून चोक बायपास करून घ्या, नुसती ट्यूब बदलून चोक तसाच ठेवला तर तो वीज खातच राहतो. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. फोडू नका, ई-कचऱ्यात द्या.

उत्तर २: पुढची पायरी हालचाल ओळखून दिवे लावणारा सेन्सर. पण एकच सेन्सर दाराजवळ लावला की फसलंच म्हणायचं: त्याला कपाटांपलीकडचं दिसत नाही, खालच्या फळीशी बसलेला वाचक अंधारात हात हलवत राहतो. कपाटांमधल्या प्रत्येक गल्लीला वेगळा सेन्सर, हालचाल थांबल्यावर दिवे विझायची वेळ १० मिनिटं.

उत्तर ३: एसी २४ वर ठेवा, मात्र पावसाळ्यात रात्री सरसकट बंद करू नका. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की कापडी बांधणीवर पांढरी बुरशी धरते. दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) हवाच. डीह्युमिडिफायरची पाण्याची टाकी वेळेवर रिकामी केली नाही तर यंत्र गुपचूप थांबतं. नेमकं सुट्टीत.

उत्तर ४: पावतीऐवजी ईमेल. थर्मल कागद रद्दीत मिसळू नका, त्यावरची रसायनं पुनर्वापराच्या लगद्यात उतरतात. प्रिंटर डीफॉल्टनेच दोन्ही बाजूंवर लावा.