प्रति: १० मिनिटांनंतर गेम अडखळतो
गेम १० मिनिटे नीट चालून मग चित्र अडखळते, यावर ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. मला मात्र हा दोष उष्णतेचा वाटतो. परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि त्यातच लॅपटॉप गादीवर ठेवल्याने खालची जाळी झाकली गेली, की ग्राफिक्स चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. माझ्या लॅपटॉपच्या पंख्यामागून तर गोधडीच्या अस्तरासारखा धुळीचा थर निघाला होता. गेम सुरुवातीपासूनच संथ असता, तर टास्क मॅनेजरमध्ये कोणता जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) राबतो आहे ते पाहून विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा, असे मी सुचवले असते. चार्जर लावलेलाच ठेवावा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाची वीज आखडतात. आमच्याकडे लाईट गेली, की गेमही रांगू लागतो.