एलडीएच ३१० : आधी नमुन्याची चौकशी करा

ताई, वडिलांच्या रक्ततपासणीत एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज) ३१०, म्हणजे वाढलेला, आलाय आणि बाकी सगळं नॉर्मल आहे, असं तुम्ही लिहिलंय. साखरेतून ऊर्जा काढण्याच्या कामातलं हे एन्झाइम जवळपास प्रत्येक पेशीत असतं. नुसत्या आकड्यावरून दुखणं कुठलं ते कळत नाही. लाल पेशींत तर ते ठासून भरलेलं! रक्त काढताना किंवा नाशिक रोडहून मुख्य लॅबला नेताना त्या फुटल्या तरी आकडा फुगतो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (म्हणजे नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या) असा शेरा आहे का? आणि त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची पायी फेरी करून दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं असेल (श्रावणात आपल्याकडे काय सांगावं), तर श्रमलेल्या स्नायूंमुळेही आकडा वाढतो. डॉक्टरांना हे सांगून पुन्हा तपासायचं का विचारा. ताप, वजन घटणं, गाठ असं काही असेल तर मात्र थांबू नका.